मामाची वामकुक्षी: चार रंग, वीस प्रती आणि एक पॉप आर्ट प्रिंट

लग्नपत्रिका छापणाऱ्या एका छोट्या कारखान्यात मी दोन वर्षं काढली. लाल कार्डावर गणपतीची सोनेरी रेघ केसभर सरकली, तरी तिथे अख्खा गठ्ठा बाजूला पडायचा. तेव्हा वैताग यायचा. पुढे स्वतःचे सेरिग्राफ, म्हणजे स्क्रीन प्रिंटिंगने छापलेली चित्रं, काढायला लागले तेव्हा कळलं, की मला जे काही येतं ते त्या गठ्ठ्यांनीच शिकवलंय.

जाहिराती, कॉमिक्स अशा रोजच्या गोष्टींतून चित्रं करणाऱ्या पॉप आर्टवाल्यांनीही हे तंत्र बाजारातूनच उचललं होतं. अमेरिकन चित्रकार अँडी वॉरहॉल 1962 मध्ये सिल्कस्क्रीनकडे, म्हणजे चौकटीवर ताणलेल्या जाळीतून शाई दाबून छापण्याकडे, वळला, तेव्हा ती पाट्या, कापड आणि खोकी छापण्याची पद्धत होती. लंडनमध्ये ख्रिस प्रेटरचा केल्प्रा स्टुडिओ मुळात पोस्टरं छापायचा. तिथेच रिचर्ड हॅमिल्टन, एदुआर्दो पाओलोत्सी, पॅट्रिक कॉलफिल्ड यांचे प्रिंट निघाले. त्यामुळे ‘स्क्रीन प्रिंटिंग म्हणजे व्हिजिटिंग कार्डवाल्यांचं काम’ असं म्हणून कुणी नाक मुरडलं, तर खुशाल हो म्हणा.

इथे सांगते आहे तो प्रिंट असा: 38 × 56 सेंटीमीटरचा कागद, त्यावर 28 × 45 चं आडवं चित्र, चार रंग, वीस प्रती. विषय, आडवा झालेला माणूस. सवय नसेल तर तीन शनिवार-रविवार हाताशी ठेवा.

आधी आडवा माणूस शोधा

युरोपच्या चित्रकलेत पहुडलेली स्त्री हा जुना आणि घासून गुळगुळीत झालेला विषय. तिशियनची ‘व्हीनस ऑफ उर्बिनो’ 1538 ची, एदुआर माने या फ्रेंच चित्रकाराची ‘ओलिंपिया’ 1863 ची. टॉम वेसलमन नावाच्या अमेरिकन चित्रकाराने 1961 मध्ये याच विषयावर ‘ग्रेट अमेरिकन न्यूड’ ही मालिका सुरू केली आणि शंभर क्रमांकांपर्यंत नेली. त्याने आकृती सपाट केली. चेहऱ्यावर बहुतेक वेळा डोळे-नाक नाही, ओठ तेवढे ठेवलेले. रंग सुरुवातीला जवळजवळ अमेरिकी झेंड्याचे, लाल, पांढरा, निळा. आणि आजूबाजूला जाहिरातींतून कापल्यासारख्या वस्तू.

आपल्या डोळ्यांना आडवी आकृती वेगळ्याच कारणाने ओळखीची आहे. कॅलेंडरवरचा शेषशायी विष्णू आहे, अजिंठ्याच्या 26 क्रमांकाच्या लेण्यातला सुमारे सात मीटर लांबीचा महापरिनिर्वाणाचा बुद्ध आहे. आणि दुपारी दीड वाजता कुठल्याही घरात जमिनीवर दिसणारी वामकुक्षी तर आहेच. मी तीच घेतली. माझा मामा जेवण झालं की चटईवर डाव्या कुशीवर पडतो. उजवा हात मांडीवर, डावा उशीसारखा डोक्याखाली, अंगात बनियन, खाली पट्ट्यापट्ट्यांचा लेंगा. उशाशी टेबलफॅन आणि तांब्या-भांडं. वेसलमनला रेडिओ आणि फळं मांडून ठेवावी लागायची. इथे सगळं आयतं.

वेसलमनचं किंवा आणखी कुणाचं चित्र गिरवू नका. भारतात कलाकाराच्या मृत्यूनंतर 60 वर्षं त्याच्या कामावर हक्क राहतो, आणि वेसलमन गेला 2004 मध्ये. फोटो स्वतः काढा, ज्याचा काढाल त्याला विचारून काढा. मामाला विचारलं तेव्हा तो म्हणाला, “अगं, जागा असताना काढ की, जरा बरा दिसेन.” वीस लोकांच्या भिंतीवर तू झोपलेला दिसशील, हे सांगितल्यावर थोडा विचार करून म्हणाला, “पोट कमी कर.” केलं नाही. सगळी रेषाच त्या पोटावर उभी होती.

फोटो काढताना कॅमेरा जमिनीपासून वीतभर उंचीवर धरा. उभं राहून वरून काढलात तर पाय मोठे, डोकं लहान होतं आणि आकृतीची लांबी मरते. प्रकाश एका बाजूच्या खिडकीतून हवा. मग एक परीक्षा: फोटोतला माणूस पूर्ण काळा भरून टाका आणि दूर ठेवून पाहा. नुसत्या छायेवरून ‘हा झोपलाय’ हे कळलं पाहिजे. डोकं, खांदा, कंबर, पाऊल ही चढउताराची रेघ स्पष्ट नसेल तर दुसरा फोटो घ्या. त्या फोटोला रंग वाचवू शकत नाहीत.

काढून टाकायचं काम

फोटोवर ट्रेसिंग पेपर ठेवून पहिली रेघ मारा. दुसऱ्या ट्रेसिंगवर त्यातल्या निम्म्या रेघा घ्या. तिसऱ्यावर आणखी कमी. माझ्या पहिल्या कागदावर चटईची वीण होती, पंख्याच्या जाळीची प्रत्येक तार होती, मामाच्या हातावरचे केस होते. तिसऱ्यावर पंखा म्हणजे एक वर्तुळ आणि तीन पाती उरली. बनियन तर काढलंच नाही. ते कोऱ्या कागदाचं पांढरं आहे, चारी बाजूंनी रंग आले की आपोआप दिसतं. या कामाला शाईपेक्षा जास्त वेळ द्या. मला चार संध्याकाळी लागल्या.

रंग असे ठरवले: भिंत हळदीसारखी पिवळी; अंग गुलाबी, खरं कातडीसारखं नाही तर पेप्सीकोल्यासारखं गुलाबी; लेंग्याचे पट्टे आणि तांब्या निळा; शेवटी काळी रेघ. चार रंग म्हणजे चार स्क्रीन. पाचवा रंग घ्यावासा वाटेल. घेऊ नका.

ठिपक्यांचा मोह सगळ्यांना होतो. बेंजामिन डे या छपाईवाल्याच्या नावावरून त्यांना ‘बेन-डे’ ठिपके म्हणतात. त्याची पद्धत 1879 ची, स्वस्त छपाईत कमी शाईत फिका रंग दाखवण्यासाठी. रॉय लिक्टेनस्टाइन या अमेरिकन पॉप चित्रकाराने ते उचलून मोठे केले. सुरुवातीला तर तो कुत्र्याचे केस विंचरायच्या ब्रशने ठिपके उठवायचा. 1994 च्या त्याच्या ‘न्यूड विथ ब्लू हेअर’ या प्रिंटमध्ये ठिपके अंगाची कड जुमानतच नाहीत, सावलीसारखे अंगावरून पार्श्वभूमीवर ओघळतात. ते पाहिल्यावर माझ्या लक्षात आलं, की ठिपके म्हणजे शोभेची रांगोळी नाही, त्यांना काम दिलं पाहिजे. मी ते फक्त एका ठिकाणी घेतले: मामाच्या पाठीमागे भिंतीवर पडलेली सावली. ठिपका 3 मिलिमीटरचा, मध्यापासून मध्यापर्यंत अंतर 5 मिलिमीटर. याहून बारीक केलेत तर दोन मीटरवरून नुसता धुरकट पट्टा दिसतो.

चार फिल्म

प्रत्येक रंगाची वेगळी पॉझिटिव्ह फिल्म लागते आणि चारही फिल्म काळ्याच असतात, कारण जाळीवर लावायच्या इमल्शनला फक्त प्रकाश आणि अंधार कळतो: उजेड पडतो तिथे ते घट्ट होतं, काळ्याखाली राहतं तिथे धुऊन निघतं आणि तिथूनच शाई उतरते. कॉम्प्युटरवर करत असाल तर प्रत्येक रंग वेगळ्या लेयरवर घ्या आणि तो शंभर टक्के काळ्याने भरा. चारही लेयरवर, चित्राबाहेर, चारी बाजूंना मध्यावर, अगदी त्याच जागी रजिस्ट्रेशनच्या, म्हणजे रंग एकमेकांवर जुळवायच्या, फुल्या हव्यात.

पिवळा जिथे संपतो तिथेच गुलाबी सुरू केलात तर हात जरा हलला की मधे पांढरी चीर दिसेल. म्हणून शेजारचे रंग एकमेकांखाली 1 मिलिमीटर सरकवून ठेवा. शेवटची काळी रेघ 2 ते 3 मिलिमीटर जाड असली की ती हे सगळे सांधे पोटात घेते. कॉलफिल्डची जाड, एकसारखी काळी रेघ दिसायला थंड आणि कोरडी; पण छपाईवाल्याच्या नजरेने पाहिली तर फार दयाळू.

फिल्म उजेडासमोर धरा. काळ्यातून उजेड झिरपत असेल तर ती फिल्म कामाची नाही. ट्रेसिंगवर लेझर प्रिंट घेतले असतील तर दोन प्रती एकावर एक चिकटवा, उरलेली छिद्रं ओपेकने, म्हणजे उजेड अडवणाऱ्या रंगाने, बुजवा.

कागद

250 ते 300 जीएसएमचा (चौरस मीटरला इतके ग्रॅम), कापसाचा, आम्लविरहित, गुळगुळीत बाजूचा कागद घ्या. पुण्यात शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेत जाऊन कागद हाताने चाचपून घेण्यात मजा आहे, पण हातकागदाच्या झालरदार कडा रजिस्ट्रेशनला घातक. कागद छपाईच्या टेबलावर ज्या दोन कडांनी खुणेला टेकणार, त्या दोन तरी पट्टी लावून सरळ कापा आणि पाठीमागे पेन्सिलने बारीक खूण करा. चारही रंगांना त्याच दोन कडा टेकल्या पाहिजेत.

वीस प्रतींसाठी तीस कागद कापा. दोन कलाकाराच्या प्रती, एक नमुना प्रत, आणि चार रंगांत मिळून सहा-सात फुकट जातातच. चाचणीसाठी रद्दी वर्तमानपत्र वेगळं. हात बसेपर्यंत चांगल्या कागदाला शिवू नका.

स्क्रीन

फ्रेम आतून किमान 50 × 65 सेंटीमीटर, म्हणजे चित्राच्या चारी बाजूंना शाई साठायला जागा राहते. जाळी 90 नंबरची, म्हणजे सेंटीमीटरला 90 धागे. कागदावर पाण्याच्या शाईसाठी ही बरोबर. कापडावर छापणारे घेतात ती 43 ची जाळी इथे शाई ओतते.

जाळी आधी डीग्रीझरने, म्हणजे तेलकटपणा काढणाऱ्या द्रावणाने, धुवा. बोटाचा तेलकट ठसासुद्धा इमल्शनमध्ये माशाच्या डोळ्यासारखं भोक पाडतो. मंद पिवळ्या दिव्यात इमल्शनचा एक हात बाहेरून, एक आतून ओढा आणि स्क्रीन आडवी, बाहेरची बाजू खाली करून, पंख्याखाली अंधारात वाळवा. अजूनही काही जुन्या दुकानांत बायक्रोमेट घातलेलं इमल्शन वापरतात. स्वस्त पडतं, पण त्यातलं क्रोमियम कर्करोगकारक आहे आणि मोरीतून थेट पाण्यात जातं. डायझो किंवा फोटोपॉलिमर इमल्शन घ्या, आणि तरीही हातमोजे घाला.

एक्स्पोजरचा, म्हणजे फिल्म स्क्रीनवर ठेवून उजेड किती वेळ द्यायचा त्याचा, आकडा विचारू नका. तुमचा दिवा, त्याचं अंतर, इमल्शनचा थर, सगळं वेगळं. एका जुन्या स्क्रीनवर चाचणी घ्या: ठिपके आणि बारीक रेघा असलेली फिल्म ठेवा, वर पुठ्ठा, आणि ठरावीक वेळाने पुठ्ठा एकेक पट्टा सरकवत जा. धुतल्यावर ज्या पट्ट्यात ठिपके स्वच्छ उघडले आणि बाजूचं इमल्शन बुळबुळीत झालं नाही, तो तुमचा वेळ. कमी पडला तर इमल्शन शेवाळासारखं सुटून येतं. जास्त झाला तर कितीही पाणी मारा, ठिपके बंदच. फिल्म आणि जाळीमध्ये फट राहू नये म्हणून वर काच आणि काचेवर वजन. गच्चीवरच्या उन्हातही एक्स्पोज होतं, पण तिथे काही सेकंदांचा खेळ असतो आणि ढग आला की गणित चुकतं.

छपाई

स्क्रीन टेबलाला बिजागरीच्या क्लॅम्पने लावा. जाळी कागदाला टेकलेली नको, 2 ते 3 मिलिमीटर वर हवी. कारखान्यात आम्ही फ्रेमच्या कोपऱ्याखाली दोन नाणी चिकटवायचो. शाई म्हणजे ॲक्रिलिक रंग आणि तेवढंच स्क्रीन प्रिंटिंगचं मीडियम. उन्हाळ्यात थोडं रिटार्डर, म्हणजे शाई लवकर वाळत नाही. घट्टपणा दह्यासारखा, ताकासारखा नाही. शाई लागेल त्याच्या दीडपट एकदम कालवा, कारण तो गुलाबी दुसऱ्यांदा तसाच जमणार नाही.

आधी स्क्रीन जराशी उचलून शाई स्क्वीजीने (मुठीला बसवलेल्या रबरी पट्टीने) जाळीवर पसरवा, दाबायचं नाही. मग स्क्रीन खाली टेकवा, स्क्वीजी साधारण 60-70 अंशांत दोन्ही हातांनी धरा आणि एका दमात स्वतःकडे ओढा. मधे थांबलात तर तिथे पट्टा उमटतो. दाब बरोबर असेल तर जाळी स्क्वीजीच्या मागोमाग कागदावरून सुटत येते आणि तिचा चर्रर असा एकसारखा आवाज येतो. आवाज तुटला की समजावं, शाई कमी आहे नाहीतर दाब. माझं अर्धं लक्ष कानातच असतं.

क्रम पिवळा, गुलाबी, निळा, काळा. पाण्याची शाई जाळीत वाळते, म्हणून एक रंग सुरू केला की तीस कागद संपेपर्यंत थांबायचं नाही. फोन बंद. दाराची बेल वाजली तर वाजू दे. कागद वाळवायला रॅक नसेल तर दोरी आणि चिमटे चालतात, चिमटा मात्र कोऱ्या समासावर.

दुसऱ्या रंगापासून जुळवाजुळव सुरू होते, आणि तिची सोपी युक्ती ॲसिटेटची. पारदर्शक ॲसिटेटचा, म्हणजे पातळ प्लॅस्टिकचा, मोठा तुकडा एका बाजूने टेबलाला चिकटपट्टीने लावा, म्हणजे तो दारासारखा उघडझाप होईल. नवा रंग आधी त्या ॲसिटेटवर छापा. आता पिवळा छापलेला कागद ॲसिटेटखाली सरकवा आणि दोन्ही चित्रं, फुल्यांसकट, जुळेपर्यंत हलवा. जुळलं की कागद न हलवता ॲसिटेट उघडून बाजूला करा आणि कागदाच्या त्या दोन सरळ कडांना टेकवून पुठ्ठ्याचे तीन तुकडे टेबलावर चिकटवा: लांब कडेला दोन, आखूड कडेला एक. पुढचा प्रत्येक कागद या तिघांना टेकवायचा. प्रत्येक रंगाला हे नव्याने करा.

आणि हे सगळं नोव्हेंबर ते फेब्रुवारीत करा. माझी पहिली आवृत्ती जुलैत काढली. पिवळा, गुलाबी, निळा एका उघडीप असलेल्या दिवशी छापले, काळा चार दिवसांनी, संततधार चालू असताना. डोक्याकडे रेघ चपखल बसली, पावलांकडे पाहिलं तर मामाची बोटं रेघेच्या दीड मिलिमीटर बाहेर. वाटलं, पुठ्ठे हलले. हलले नव्हते. कागद ओल पिऊन फुगला होता. तो तंतूंच्या आडव्या दिशेला जास्त फुगतो आणि माझी लांबी नेमकी त्याच दिशेला आली होती. एकवीस कागद फाडले. आता कागद छपाईच्या खोलीत आदल्या दिवशीच मोकळे पसरून ठेवते, आणि पावसाळ्यात स्क्रीन धुऊन ठेवण्यापलीकडे काही करत नाही.

आकडे आणि सही

सगळे वाळल्यावर जमिनीवर एकदम मांडा आणि शेजारी नमुना प्रत ठेवा, जी तुम्ही ‘अशीच हवी’ म्हणून आधी पक्की केली असेल. तिच्याशी न जुळणारी प्रत फाडा. ‘जरा वेगळी पण छान’ असं वाटेल, तरी फाडा. घेणाऱ्याला सातवी प्रत आणि सतरावी प्रत यांत डावं-उजवं दिसता कामा नये.

चित्राखालच्या समासात पेन्सिलने, डावीकडे आकडा, मध्ये नाव, उजवीकडे सही आणि साल. 7/20 म्हणजे वीसपैकी सातवी प्रत. ती सातवी छापली गेली असा अर्थ नाही, कारण चार रंगांत गठ्ठा चार वेळा उलटापालटा होतो. कलाकाराच्या स्वतःच्या प्रतींवर ए.पी. लिहितात, त्या साधारण आवृत्तीच्या दहा टक्के. नमुना प्रतीवर बी.ए.टी., म्हणजे ‘छापायला हरकत नाही’ या अर्थाच्या फ्रेंच शब्दांची आद्याक्षरं.

आकडा लहान असला म्हणजेच काम मोलाचं, असंही नाही. वॉरहॉलचा 1967 चा मॅरिलिन मन्रो या नटीचा संच दहा प्रिंटांचा, प्रत्येकाच्या 250 प्रती. सही पेन्सिलने, पण आकडा रबरी शिक्क्याने, आणि दोन्ही पाठीमागे. पुढे दुसऱ्यांनी त्याच प्रतिमा अमर्याद छापल्या, त्यामुळे आज मॅरिलिन घेणारा आधी कागद उलटून पाठ बघतो. तुमच्याही प्रिंटचं टिपण ठेवा: साल, कागद, शाई, किती छापल्या, किती फाडल्या, कुठला आकडा कुणाकडे गेला. मग चारही स्क्रीनवरचं इमल्शन काढून टाका, फिल्मवर आडवी फुली मारा. मागणी आली म्हणून एकविसावी काढायची नाही. चित्र स्कॅन करून इंकजेटवर पाचशे प्रती काढायला माझी ना नाही, फक्त त्यावर मोठ्या अक्षरांत तसं लिहा आणि पेन्सिलने आकडे टाकून सेरिग्राफचा आव आणू नका.

भिंतीवर

फ्रेमवाल्याला तीन गोष्टी बजावा: पाठीमागचा पुठ्ठा आम्लविरहित हवा, प्रिंट डिंकाने किंवा सेलोटेपने चिकटवायचा नाही, आणि काच कागदाला टेकता कामा नये, मधे माउंट, म्हणजे पुठ्ठ्याची चौकट, हवा. वरच्या कडेला जपानी कागदाच्या दोन छोट्या पट्ट्या गव्हाच्या खळीने लावल्या की प्रिंट लटकत राहतो आणि पुढेमागे पाण्याने सोडवताही येतो. कोकणात किंवा मुंबईत भिंत ओल धरते, म्हणून फ्रेमच्या मागे खालच्या दोन कोपऱ्यांना बुचाचे तुकडे लावा. हवा खेळती राहते, बुरशी आणि कसर कमी लागते.

मामाने 1/20 च मागितली. आकड्याला तसा अर्थ नाही हे दोनदा समजावलं, तरी “पहिली ती पहिली” म्हणून घेऊन गेला. पुढच्या वेळी गेले तर ती त्याच्या चटईच्या बरोबर समोर टांगलेली, पश्चिमेच्या खिडकीतून तीन ते पाच ऊन थेट तिच्यावर. गुलाबी सगळ्यात आधी उडतो, दोन उन्हाळ्यांत तू फिका पडशील, असं सांगून मी खिळा शेजारच्या भिंतीवर हलवला. मामा पडल्या पडल्या बघत होता. मग त्याने चटई ओढून नव्वद अंशांत फिरवली आणि पुन्हा कुशीवर वळला.